बनियनच्या कापडाचा झगा

उन्हाळ्यात पोटुशी बाई ब्लाउजमध्ये कशी भाजून निघते, हे ज्यांनी ब्लाउज कधी घातलाच नाही त्यांना सांगण्यात अर्थ नाही. सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. मला सातवा महिना लागला तेव्हा चैत्र होता. गुंजवण्याच्या अलीकडे, गडाच्या पायथ्याला माझं सासर. डोंगर तापलेले, वारा नावाला नाही. ब्लाउजची हुकं लागेनात, परकराची नाडी पोटात रुतायची आणि घामानं काखेत चट्टे उठले होते. मी भोरच्या पेठेत वाढलेली, शिवणक्लास पुरा केलेली पोरगी. लग्नात आईनं हातमशीन दिलेलं. ते कोपऱ्यात फडक्याखाली झाकून ठेवायचं आणि आपण चट्टे खाजवत बसायचं, हे माझ्या स्वभावात नव्हतं.

आमचे हे पुण्यात बनियनच्या कारखान्यात कामाला होते. सुट्टी मिळेल तसे घरी यायचे. डाग पडलेलं, कुठं फासा सुटलेलं कापड कारखान्यात बाजूला टाकत आणि ते कामगारांना मिळायचं. मी म्हटलं, "त्यातलं मला आणा की एकदा."

"काय करतीस? बनियन घालतीस काय?"

"घालीन. तुम्हाला काय करायचंय?"

हसले, पण पुढच्या खेपेला आणलं. पांढरं, पोत्यासारखं गोल विणलेलं, आणि इतकं मऊ की मी ते आधी गालालाच लावलं. डाग एका कडेला होता, तो कापण्यात जाणार होता. मनात सगळं ठरून गेलं. गुडघ्याच्या खालपर्यंत येईल असा झगा, बाह्या कोपरापर्यंत सैल, गळा मोठा आणि पुढं नाडीनं बांधायचा, म्हणजे पुढं बाळाला पाजायलाही सोपं. खाली परकर. दुपारी घरात कोण बघायला येतंय? आयुष्यात मी तोवर जे शिवलं होतं ते लोकांचं होतं. भावांच्या चड्ड्या, आईची चोळी, शेजारणींची पोलकी. स्वतःच्या अंगासाठी, स्वतःच्या मनानं, हा पहिलाच कपडा.

बनियनचं कापड म्हणजे महाद्वाड. आधी पाण्यात भिजवून सावलीत आडवं वाळवावं लागतं, नाहीतर शिवल्यावर पहिल्याच धुण्याला आटतं. दोरीवर टांगलं तर लोंबतं. कातर लावली की कडा सुरळीसारख्या गुंडाळल्या जातात. पहिली शिवण मी नेहमीसारखी घट्ट मारली आणि अंगात घालून बघायला गेले तर काखेत तटातटा दोरा तुटला. चार शिव्या दिल्या मशीनला. मग डोकं लढवलं. टाका मोठा केला, दोरा सैल सोडला, कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली म्हणजे मशीन कापड गिळत नाही, आणि शिवताना कापड दोन्ही बाजूंनी किंचित ताणून धरलं. हातमशीनला चाक फिरवायला एक हात लागतो, मग ताणायला दोन हात कुठले? एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. सात महिन्यांचं पोट मांडीवर आणि अंगठ्यात कापड, असा अवतार. आज आठवलं तरी हसू येतं.

कापड कापलं त्या दिवशी पुनव होती आणि त्या दिवशी चंद्राला ग्रहण होतं. ग्रहणाचं मला माहीत होतं. संध्याकाळी चंद्र उगवल्यावर लागणार, तेवढा वेळ पोटुश्या बाईनं चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, एका जागी सरळ बसायचं, हे भोरलाही करतात. मी म्हटलं, संध्याकाळची गोष्ट आहे ना, मग दुपारी उरकून घेऊ. वेध नावाचा प्रकार सकाळीच लागतो आणि काही घरांत तोही तेवढाच पाळतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई रानात होत्या. सासरे कधीच गेलेले, नणंदा लग्न होऊन आपापल्या घरी, घरात आम्ही दोघीच.

त्या तिन्हीसांजेला आल्या आणि जमिनीवर पडलेल्या पांढऱ्या सुरळ्या बघून दारातच थांबल्या.

"ह्ये कधी कापलंस?"

"दुपारी."

खाली पडलेल्या चिंध्या गोळा करून परसात नेऊन टाकल्या, मला देवापुढं बसवलं, माझ्या पोटावर हात ठेवला आणि ग्रहण सुटेपर्यंत स्वतः माझ्याशेजारी बसून राहिल्या. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मला तेव्हा वाटलं होतं, किती जीव लावते ही बाई.

झगा झाला. काय सांगू, अंगाला वारा लागतो म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सासूबाई म्हणाल्या, "कणगीला खोळ घातल्यावानी दिसतीस." मी म्हटलं, "कणगी तर कणगी, गार तर वाटतंय." त्यांनाही हसू फुटलं. तेवढं हसणं आमच्यात होतं, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ती कुणी कैदाशीण होती. तसं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. मी भोरला आले आणि सरकारी दवाखान्यात मुलगा झाला. नर्सनं तो लगेच दाखवला नाही. मग आईला बाहेर बोलावून घेतलं आणि ती आत आल्यावर तिचा चेहरा बघूनच मी पोराला मागून घेतलं. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता आणि आत टाळूलाही फट. बाकी सगळं जिथल्या तिथं. डोळे तर असे काळेभोर, टकमक बघणारे. मी त्याला छातीशी धरलं, त्यानं तोंड लावलं आणि ओढताच येईना. जोर करायचा, दमायचा, रडायचा. जे थोडं दूध जायचं ते नाकातून परत यायचं.

ती नर्स मोठी करारी होती. रडू दिलं नाही मला. म्हणाली, "आधी दूध काढायला शीक. वाटीत काढायचं, लहान चमच्यानं द्यायचं आणि देताना त्याला बसतं धरायचं. आडवं नाही. आडवं पाजलं की दूध श्वासात जातं आणि मग काही हातात राहत नाही. अंगानं भरला की पुण्याला ऑपरेशन होतं, ओठ शिवतात. पण त्याआधी तो भरला पाहिजे." मी तिला ग्रहणाचं विचारलं. ती म्हणाली, "ओठ पोटात तिसऱ्या महिन्याच्या आत जुळतो. तुझं ग्रहण कितव्या महिन्यात होतं?"

"सातव्या."

"मग? कावळा बसायला आणि फांदी मोडायला." आणि ती दुसऱ्या खाटेकडं गेली. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या दिवसापासून माझ्यापुढं एकच काम होतं. पोराच्या अंगावर मांस चढवायचं. झग्याची नाडी सोडायची, दूध काढायचं, त्याला मांडीवर उभं बसवायचं, मान तळहातावर, आणि थेंबथेंब चमचा. एक वाटी संपेपर्यंत दुसऱ्या पाजण्याची वेळ व्हायची. झगा दुधानं ओला, घामानं ओला, पुन्हा धुवायचा, पुन्हा तोच घालायचा. ब्लाउजात हे जमलंच नसतं. आई म्हणायची, "जरा पड गं, मी पाजते." मी कुणाला हात लावू देत नव्हते. आणि पोर भरायला लागलं. मनगटाला वळी पडली. हसायचा तेव्हा तो फाटका ओठ असा पसरायचा की बघणारी बाई तोंड फिरवायची आणि मला वाटायचं, याच्याइतकं कुणी हसतच नाही.

बारशाला सासूबाई आल्या. पाळण्यात वाकून बघितलं आणि मटकन खाली बसल्या. आल्यागेल्या बायका भोवती होत्या. त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "येधात कातर धरली हिनं. म्या बगितलं. माझ्या नातवाचा वट कापला हिनं." मी ताडकन सांगितलं, नर्सनं काय सांगितलं ते. म्हणाल्या, "त्या नर्सबाईला काय ठावं? तिनं गिराण पाळलंय कदी?" माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा मान खाली घातली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी तोंडावर म्हटलं असतं, पण पोर रडायला लागलं आणि मी चमचा घेतला. आमच्या यांना मात्र मी सगळं नीट सांगितलं. ते पोराचं बोट धरून म्हणाले, "पुण्यात मी चौकशी करून ठेवतो. दिवाळी झाली की नेऊ."

गणपती उरकल्यावर मी सासरी आले. कापूरहोळला गाडी बदलली, मार्गासनीला उतरून पुढं चालत, पोर पदराखाली. रस्त्यात बायका पदर बाजूला करून बघायच्या आणि चुकचुकायच्या. मला वाटायचं, एकेकीच्या झिंज्या धराव्यात. सासूबाईंनी ओवाळून आत घेतलं. कातरीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. उलट पोराला त्या खाली ठेवेनात. दृष्ट काढायच्या, अंगाला तेल चोळायच्या, "माझा राजा, माझा वाग" म्हणायच्या. मी त्यांना चमचा दाखवला, बसतं कसं धरायचं ते दाखवलं. दोनदा दाखवलं, चारदा दाखवलं. "व्हय गं," म्हणायच्या, "पाच लेकरं वाडिवली म्या, कळतंय मला." माझ्यासमोर धरायच्याही तसंच. फक्त पुटपुटायच्या, "ह्या चमच्यानं काय प्वाट भरतंय व्हय लेकराचं? किती वाळलंय." वाळलं नव्हतं हो. भरत होतं. पण आजीच्या डोळ्याला नातू कधी भरलेला दिसलाय?

लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कापणी आली. माणसं मिळत नव्हती, घरचा हात लागणारच. मी दूध काढून वाटी झाकून ठेवली आणि सकाळी खाचरात गेले. दुपारपर्यंत परत यायचं ठरलं होतं. मी त्याच्याआधीच आले, दुधानं छाती दाटून आली होती म्हणून.

सासूबाई ओटीवर पाय लांब करून बसल्या होत्या. पोर त्यांच्या दोन्ही पायांच्या मधल्या खळग्यात उताणं होतं, आपल्याकडं न्हाऊ घालताना, पाजताना घेतात तसं. बाजूला पितळेचं बोंडलं. चोच असलेलं ते लहान भांडं, त्यानं त्यांनी आपली पाचही पोरं वाढवली होती. माळ्यावरून काढून, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. चेहऱ्यावर असं समाधान.

"गप," म्हणाल्या, "आत्ताच निजलाय. आज पहिल्यांदा पोटभर प्याला बग."

नाकाखाली दूध होतं. ओठ निळे होते.

मी त्याला उचललं, उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घातलं, नाकाला तोंड लावून ओढलं. मी काय काय केलं मला माहीत नाही. वाडी गोळा झाली. त्याचं अंग अजून गरम होतं, पोट खरोखरच टम्म होतं. अजूनही कुणी "पोटभर" असा शब्द उच्चारला की मी ताटावरून उठते.

सासूबाई भिंतीला डोकं आपटत होत्या. दोघी बायकांनी धरलं तरी आवरेनात. मग एकदम थांबल्या, माझ्याजवळ सरकल्या आणि माझं मनगट धरलं. डोळे असे झाले होते की माणसाचे वाटत नव्हते. म्हणाल्या, "पोरी, माझ्या हातनं काय झालं का गं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. आणि म्हणाले, "नाही, आत्या."

मला थोर वगैरे समजू नका. मी विचार करून बोलले नाही. विहिरीच्या काठावर कुणी तोल जाऊन हात पुढं केला तर आपण धरतो, तसं ते झालं. ती बाई त्या क्षणी "हो" ऐकून जगली नसती, एवढंच मला दिसलं. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. यांना निरोप जाऊन ते यायच्या आत सगळं उरकलं होतं. यांनी विचारलं तेव्हाही मी म्हटलं, झोपेत गेला. एकदा एकीला नाही म्हटल्यावर दुसऱ्याला काय सांगणार?

पण माणसाचं मन रिकामं राहत नाही. कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. वाडीतल्या बायका भेटायला यायच्या, म्हणायच्या, "गिराणाचं प्वार, ते काय टिकतंय." सासूबाई आधी नुसत्या ऐकायच्या. मग माना डोलवायला लागल्या. दिवाळी आली तोवर त्या स्वतःच सांगत होत्या, रडत, ऊर बडवत, "कातरीनं खाल्लं गं माझं लेकरू. नुसता वट न्हाई, आख्खा जीव कापून घेतला." मी चुलीपुढं बसून ऐकत होते. बोंडलं कुठं गेलं कुणी विचारलं नाही. ते मी शेण टाकायच्या खड्ड्यात पुरलं होतं, त्यांना रोज दिसू नये म्हणून. मेलं ते शहाणपण माझं.

एक दिवस त्या म्हणाल्या, "त्यो झगा जाळ आदी. त्योच मुळावर आला."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "नाही जाळणार." म्हणाल्या, "लाज न्हाई तुला." मी म्हणाले, "नाही, नाही मला लाज." आणि पुढचा उन्हाळा आला तसा मी तो झगा काढला आणि घातला. आधी घरात घालायची, आता ओटीवर बसून घातला. पाणवठ्यावरून जाणाऱ्या बायका बघायच्या, पदरात तोंड घालून कुजबुजायच्या. ज्या कपड्यासाठी मी पोराला खाल्लं असं गाव म्हणत होतं, तो मी दिवसाढवळ्या अंगात घालून बसत होते. दुधाचे पिवळे डाग गेले नव्हते. त्या डागांना हात लावून मला रडू यायचं, तरी घालायची. हट्टानं. घातला नसता तर मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. विरून जाळी झाली, खांद्यावर फासे सुटत खाली गेले, तेव्हाच सोडला. दुसरा शिवला नाही.

पुढं मला दोन मुली झाल्या, दोघी धडधाकट. दोन्ही वेळेला सासूबाईंनी मशीन आणि कातर शेजारच्या घरी कुलपात नेऊन ठेवली आणि मी बाळंत होईपर्यंत परत आणली नाही. मुली चांगल्या निघाल्या, त्याचं श्रेय कुलूपबंद कातरीला मिळालं. आमचं तसं बरं चाललं. त्यांच्या हाताला चव होती, मुलींना त्या जीव लावायच्या. भांडण झालं की मात्र शेवटी गाडी तिथंच यायची. मीठ जास्त पडलं, दूध नासलं, बैल लंगडला, काहीही होवो. "तू काय, तू तर येधात कातर धरणारी." प्रत्येक वेळी माझ्या जिभेवर ते एक वाक्य यायचं. आणि प्रत्येक वेळी त्यांचे त्या दिवशीचे डोळे दिसायचे आणि मी भांडी आपटत परसात निघून जायची.

शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या. सगळं मीच करत होते, दुसरं होतं कोण? एका दुपारी त्यांची वेणी घातली, चेहरा पुसला. बऱ्या होत्या त्या दिवशी, आवाज स्वच्छ होता. मला जवळ बसवून घेतलं.

"एक सांगायचं ऱ्हायलंय," म्हणाल्या. "लई वर्सं मनात धरलं म्या. तुला लई टोचून बोलले. पर आता जायची येळ आली. माझ्या वागाच्या मरनाची, म्या तुला माफी केली, पोरी. माझ्या मनात आता काय बी न्हाई."

तोंडाशी सगळं आलं. ओटी, बोंडलं, नाकाखालचं दूध, "पोटभर प्याला बग". एक वाक्य पुरलं असतं. त्या माझ्याकडं बघत होत्या, मी काहीतरी बोलावं म्हणून. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांनी एवढं मोठं मन केलं होतं तिनं.

मी उठले, पदर घेतला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, माफी मिळालेल्या माणसानं ठेवावं तसं.

"सुखी ऱ्हा," त्या म्हणाल्या आणि समाधानानं कुशीवर वळल्या. मला त्यांचा इतका राग उभ्या जन्मात कधी आला नव्हता.